माझी खोटी कावीळ

मला कधीच कावीळ झाली नव्हती.

गावातल्या ज्या माणसांनी माझ्यासाठी उसाचा रस आणला, मुळ्याची पानं वाटून दिली, गावदेवीला नारळ बोलले, त्या सगळ्यांना हे तेव्हाच सांगायला हवं होतं. सगळ्यात आधी हितेशला. मी नाही सांगितलं. माझा आजार गोळ्यांनी बरा झाला आणि श्रेय गेलं उसाच्या रसाला. पुढे हितेश त्याच रसावर विसंबला.

मी लिहिणारा नाही, बोलणारा माणूस. उलव्याच्या टॉवरांच्या आणि डंपरांच्या मध्ये चेपलेलं एक जुनं गाव आहे, तिथला. दिवसा एका बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आणि रविवारी टेनिस बॉलच्या सामन्यांचा कॉमेंटेटर. आमच्या पनवेल-उरणकडे सामन्याला एखादा खेळाडू कमी पडला तर चालतं, पण माइकवर बडबड्या पाहिजेच. तो मी. त्यामुळे खालचं वाचताना कुठे हसू आलं तर हसा. हसवायची सवय आहे मला. ती चांगली सवय नाही, हेही पुढे येईलच.

माइक

आमच्याच मैदानावर फायनल होती. शेवटची ओव्हर. फलंदाजाने चेंडू असा काही उचलला की तो विमानतळाच्या दिशेने निघाला. एरवी त्या चेंडूला मी धावपट्टीवर उतरवला असता, कस्टममधून सोडवला असता आणि बाहेर रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडायला लावला असता. त्या दिवशी मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. वाटलं, जाऊ दे, पडेल कुठेतरी.

पुढचा चेंडू पडला, त्याच्या पुढचा पडला. मी गप्प. साउंडवाल्याने वायर बदलली, माइकवर टिचक्या मारल्या, हॅलो चेक, हॅलो चेक. लोक ओरडायला लागले, "अरे आवाज गेला, आवाज."

हितेश आमच्या टीमचा कीपर. माझ्या चुलत चुलत्याचा मुलगा, माझ्याच वयाचा, घर समोरासमोर. सामना संपल्यावर तो ग्लोव्ह्ज काखेत मारून स्टेजवर आला.

"काय झाला रे पऱ्या?"

"माइक गेलाय."

त्याने माइक हातात घेतला. "मैदानात गाडी लावलीय ती कोनाची, काढून घ्या," असं बोलून बघितलं. ते अख्ख्या गावाला ऐकू गेलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "माइक तर चालू हाय."

तिथेच सांगता आलं असतं. मी म्हणालो, "वायर लूज आहे. कधी येतो, कधी जातो."

खरं तर कित्येक आठवडे सगळंच असं चाललं होतं. आंघोळ करायची म्हणजे डोंगर चढायचा. साइटवर सिमेंटच्या गोडाऊनमध्ये गोण्यांवर बसून राहायचो. कोणी आलं की गोण्या मोजतोय असं दाखवायचो. भूक नव्हती, झोप नव्हती. आणि कारण विचाराल तर कारणही नव्हतं. याचीच जास्त लाज वाटायची. एखादी मुलगी सोडून गेली असती तर निदान सांगायला काहीतरी झालं असतं.

हेल्मेट

पोट बिघडलंय म्हणून नवीन पनवेलच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट दाबलं, मग झोपेचं विचारलं, मग चिठ्ठीवर दुसऱ्याच एका डॉक्टरबाईंचं नाव लिहिलं. पाटी वाचली तेव्हा कळलं, मनाच्या डॉक्टर.

त्या दवाखान्यापासून दोन दुकानांवर दातांचा दवाखाना होता. मी बाइक त्याच्यासमोर लावली. गालावर हात दाबून थोडा कण्हलो, म्हणजे कोणी ओळखीचं बघत असेल तर त्याची खात्री पटावी. मग हळूच सरकत सरकत मनाच्या दवाखान्यात शिरलो. हेल्मेट घालूनच बसलो.

"हेल्मेट काढा," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"राहू दे, मला ऐकू येतंय."

"मला नाही येत तुमचं."

काच वर करून नाव सांगितलं. आजूबाजूला बघितलं. मला वाटलं होतं कोणी केस उपटत असेल, कोणी भिंतीशी बोलत असेल. तिथे होती आईबरोबर आलेली एक कॉलेजची मुलगी, पेपर वाचणारे एक काका आणि कुरिअर कंपनीचा शर्ट घातलेला एक मुलगा. सगळ्यांत वेडा दिसत होतो मी. पंख्याखाली हेल्मेट घालून.

डॉक्टरबाई माझ्या आत्याच्या वयाच्या. मी आत गेलो आणि सुरूच झालो. गोण्या मोजण्याचा किस्सा, माइकचा किस्सा, दातांच्या दवाखान्यापर्यंत सगळं रंगवून सांगितलं. माझे चांगले चांगले पंच फुकट चालले होते. बाई हसल्या नाहीत. थांबलो तेव्हा म्हणाल्या, "छान सांगता. तुम्ही स्वतः शेवटचे कधी हसलात?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागलो. मांडीवर हेल्मेट उताणं होतं, त्यात टिपं पडत होती. बाईंनी टिश्यूचा डबा सरकवला.

डिप्रेशन, असं त्यांनी नाव सांगितलं. आजार आहे, गोळ्या आहेत, त्यांना गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर कामावरून सुट्टी घ्यायची, दर थोड्या दिवसांनी येऊन बोलायचं. "आणि घरात सांगा. एकट्याने नाही काढायचं हे."

खरं सांगतो, नाव कळल्यावर मला बरं वाटलं. ते बरं वाटणं घरी पोहोचेपर्यंत टिकलं.

नाव

आमच्याकडे नावाची एक गंमत आहे. माझ्या वयाच्या पोरांची नावं बघा. परेश, हितेश, रुपेश, निलेश. एका गल्लीत हाक मारली तर चौघं वळतात. म्हणून गाव ज्याला त्याला टोपणनाव ठेवतं, आणि ते एकदा बसलं की निघत नाही. माझ्या पणजोबांच्या पायात मिठागरावर काच घुसली होती. महिनाभर लंगडले, मग ठणठणीत झाले, म्हातारपणापर्यंत मिठाच्या पाट्या वाहिल्या. आम्ही आजही "लंगड्याचे". लग्नाच्या पत्रिकेवर आडनाव काहीही छापा, वाटणाऱ्याला पत्ता विचारताना "लंगड्याचं घर" असंच विचारावं लागतं.

म्हणून मी आईला डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगितलं तेव्हा ती आधी रडली नाही. तिने आधी दार लावलं.

"पनजाच्या पायानं आपुन लंगड्याचे झालो," ती म्हणाली. "आता तुझ्या पोरांना येड्याचे बोलतील. पोरांच्या पोरांना पन."

बाबा खाटेवर बसले होते. ते जन्मात कमी बोललेले. म्हणाले, "पोराला बरा नाय, ते आधी बघ."

"बघतेच हाय. पन गावाला काय सांगू? आता दोन महिने घरात का बसनार?"

अंग गळालेलं, तोंडाची चव गेलेली, वजन उतरलेलं, सक्तीची विश्रांती. असा एकच आजार आम्हा दोघांना एकदम सुचला. आईने शब्द उच्चारला आणि मी लगेच मान डोलावली. दोष एकट्या आईवर नको. उलट मीच तिला म्हणालो, "डोळे पिवळे नाहीत, त्याचं काय?" आणि कपाटातून मैदानावरचा काळा गॉगल काढला.

गोळ्यांची पाकिटं आईने कात्रीने कापली आणि एकेक गोळी लिव्हरच्या औषधाच्या रिकाम्या डबीत भरली. ती डबी उशाशी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी.

गाव आलं

गाव काय असतं हे तुम्हाला बघायचं असेल तर आजारी पडा. फक्त त्यांना कळेल अशा आजाराने पडा.

दुसऱ्याच दिवसापासून रांग. रस, काढे, काळ्या मनुका, एका आजीने तर घरच्या झाडाची सगळी शहाळी उतरवून पाठवली. मी घरात, पलंगावर, गॉगल लावून पडलेला. "उजेड सहन होत नाय त्याला," आई सांगायची. लोक हळहळायचे. पथ्य म्हणून तेल बंद, तिखट बंद, मासे बंद. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, नीट जेवा, आवडीचं खा. आणि मी आगरी माणूस, दारावरून कोळीण ताजे बोंबील घेऊन जात असताना, दूधभात चिवडतोय.

मग ओवे गावाहून ताराआत्या आली. बाबांची चुलत बहीण. ती कावीळ उतरवते. हाताला आंब्याच्या सालीचा लेप चोळायचा, मग चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे. कावीळ असेल तर पाणी पिवळं होतं. वाटलं, आता पकडलो गेलो.

आत्याने हात धुतले. पाणी पिवळंधम्मक झालं.

दारात उभी असलेली सगळी माणसं एका आवाजात "बघ" म्हणाली. आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. कावीळ नसलेल्या माणसाची कावीळ उतरताना मी स्वतःच्या डोळ्यांनी, म्हणजे गॉगलमधून, बघितली. क्षणभर मलाच वाटलं, होती की काय? साल कोणाच्याही हाताला चोळली तरी चुन्यात पिवळी उतरत असणार, हे कळायला फार हुशारी नको. मला ते कळलं. मी गप्प बसलो. सोयीचं होतं.

एक गोष्ट मात्र चांगली झाली, तीही सांगतो. बाबा मला पहाटे खाडीवर न्यायला लागले. ते पाग टाकायचे, म्हणजे हातजाळं, आणि मी बांधावर बसायचो. ते काही विचारायचे नाहीत. एकदा मी म्हणालो, "बाबा, बोला ना काहीतरी." ते म्हणाले, "मासे पलतील." बस. पण त्या बांधावर मला कोणाला हसवावं लागत नव्हतं. गोळ्यांचा गुण यायला लागला तो तिथेच मला कळला. एका सकाळी जाळ्यात अडकलेला खेकडा बाबांच्या बोटाला लटकला आणि मी हसलो.

उसाचा रस

हितेश रोज संध्याकाळी यायचा. रसाची पिशवी घेऊन. त्याची नोकरी तेव्हा सुटलेली होती, पण रसाची पिशवी चुकली नाही.

सुरुवातीला तो बोलायचा. मग बोलणं कमी झालं. बसून राहायचा, पिशवीच्या तोंडाचा दोरा बोटाला गुंडाळत. मला दिसत होतं. हे मी आज शोधून काढलेलं नाही. ज्याला साप चावलाय त्याला दुसऱ्याच्या पायावरची खूण ओळखू येते.

एक दिवस म्हणाला, "पऱ्या, तुला असं होतं का? सकाली उठल्यावर वाटतं, कशाला उठलो."

आई ओट्यावर होती. बाहेर हितेशची आई कोणाशी तरी बोलत होती. दोन वाक्यांचं काम होतं. मलाही होतं. माझ्याबरोबर चल.

मी म्हणालो, "तुला पण कावीळ लागली बहुतेक. माझी लागण. जा, आत्याकडून हात धुवून घे."

तो हसला. मला वाटलं, चला, हसला, म्हणजे ठीक आहे. कॉमेंटेटरची खोड. समोरचा हसला की ओव्हर संपली.

जाताना त्याने उशाशी असलेली डबी उचलून बघितली. "हीच घेतोस?"

"हीच," मी म्हणालो.

हितेशला माझी थट्टा थट्टा वाटली नव्हती. तो ओव्याला गेला. आत्याने हात धुतले. पाणी पिवळं झालं. त्याने मेडिकलमधून ती डबी आणली, तेल सोडलं, तिखट सोडलं, मासे सोडले. त्याच्या आईने दिवसातून दोनदा रस दिला. समोरच्या घरात मी दिवसेंदिवस सुधारत होतो. गॉगल उतरला, कामावर गेलो, माइकवर परत आलो. गाव म्हणालं, आत्याच्या हाताला गुण आहे. हितेशने हे सगळं बघितलं, आणि माझ्यासारखंच सगळं नेमाने करत वाट बघत राहिला.

तो मैदानावर यायचा बंद झाला तेव्हा मी माइकवरून विनोद केला, "आमच्या कीपरने कावीळ पण कॅच घेतली." लोक हसले. ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

बांध

बाबा एका पहाटे जाळं न टाकताच परत आले. त्यांच्याबरोबर हितेश होता. बाबांनी त्याचा हात मनगटाशी धरला होता, लहान मुलाचा धरतात तसा.

बाबांनी त्याला आमच्या खाटेवर बसवलं, आईला चहा टाकायला सांगितलं आणि मला बाहेर नेलं.

"बांधावर बसलेला. पान्याकडं बघत. मी विचारला, काय करतोस रे. म्हनाला, काका, पऱ्याची उतरली, माजी नाय उतरत." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुजा तोंड तेवा असाच व्हता. म्हनून मी त्याला सोरला नाय."

मी दारातून खाटेवरच्या हितेशकडे बघितलं.

"आपुन खोटा बोललो," बाबा म्हणाले. "निस्तरायचा तू."

त्याच दिवशी आम्ही त्याला डॉक्टरबाईंकडे नेलं. या वेळी बाइक त्यांच्याच दारात लावली. बाईंनी त्याला काही दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवायला सांगितलं. त्याच्या आईला घर सोडवत नव्हतं, म्हणून सोबत मी राहिलो.

वॉर्डात सगळं वेळेवर. सकाळचा पाणचट चहा, गोळी घेतल्यावर तोंड उघडून दाखवायचं, जेवण, झोप, परत गोळी. पँटचा पट्टा दारातच काढून घेतात. हितेश वाळला होता, त्यामुळे चालताना एका हाताने पँट धरायचा. शेजारच्या खाटेवर एक इंजिनियरिंगचा मुलगा होता. त्याला भेटायला फक्त वडील यायचे आणि आल्यावर मोबाइल बघत बसायचे. आमच्याकडेही गावातून कोणी आलं नाही. रस नाही, शहाळी नाहीत. बातमी फुटली होती, कुठला वॉर्ड आहे ते सगळ्यांना कळलं होतं. माझ्या खोट्या आजाराला अख्खं गाव आलं होतं. त्याच्या खऱ्या आजाराला मी एकटा, आणि तोही उशिरा.

तो जरा बोलायला लागल्यावर मी सांगितलं.

"हितेश, मला कावीळ नव्हती. तुला जे आहे तेच होतं."

तो छताकडे बघत होता. म्हणाला, "आनी त्या गोल्या?"

"डबी लिव्हरची होती. आत दुसऱ्या होत्या."

"मी त्या डब्यांवर डब्या संपवल्या."

"माहीत आहे."

"बोंबील सोडले." त्याचा आवाज अगदी साधा होता. "ऐन हंगामात."

मला वाटलं तो हसेल. मी तयार होतो हसायला. तो हसला नाही.

"मना वाटला, दवा तीच, आत्या तीच, रस तोच. पऱ्या बरा झाला. म्हंजे मीच खराब हाय. माल खराब असल तर दवा काय करील?"

आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

आत्याचे हात

घरी आल्यावर मी आधी ओव्याला गेलो. आत्याला सगळं सांगितलं.

"मग पानी पिवलं कसं आलं?" तिने विचारलं.

"तू स्वतःचे हात धुवून बघ, आत्या."

तिने लेप चोळला, हात धुतले. पिवळं पाणी बराच वेळ बघत बसली. "माज्या सासूनं शिकवलेला," एवढंच म्हणाली.

आता ती कोणाचे हात धूत नाही. शहाणी माणसं म्हणतात, बरं झालं, अंधश्रद्धा गेली. मला तसं सुटसुटीत म्हणता येत नाही. रक्त तपासायला पाठवायला हवं होतंच. पण तिच्या ओट्यावर लोक येऊन बसायचे, तासभर आपलं दुखणं सांगायचे, ती हात हातात घेऊन ऐकायची. तो ओटा आता रिकामा असतो. तेही माझ्याच खात्यात.

मग गावात सांगितलं. माइकवरून नाही, माइकवरून मी काहीही सांगितलं तरी लोक हसतात. घरोघरी गेलो, ज्याने ज्याने रस आणला होता त्याच्या घरी. काही जण चिडले, काही गप्प झाले. शहाळीवाली आजी म्हणाली, "तेवा सांगितला असतास तरी शहाली पाठवली असती रे." मला ते खरं वाटत नाही. पण खरंच पाठवली असती तर काय, हा विचार मला फार छळतो.

आणि नाव? ज्याला घाबरून हे सगळं केलं ते "येड्याचे" काही बसलं नाही. गाव मला "पऱ्या कावीळ" म्हणतं. माझी पोरं बहुतेक काविळीची होणार.

मागची दांडी

हितेश आता बरा आहे. कामाला लागलाय, पण मैदानावर येत नाही. महिन्यातून एकदा आम्ही दोघं माझ्या बाइकवर नवीन पनवेलला जातो, आपापल्या नंबरला बसतो, परत येतो. पूर्वी तो मागे बसला की दोन्ही हात माझ्या खांद्यांवर टाकायचा आणि कानाशी बडबडायचा. आता सीटमागची दांडी धरून बसतो. मी आरशात बघतो तेव्हा तो रस्त्याच्या कडेच्या क्रेन बघत असतो.

परवा आम्ही परत आलो तर आमच्या ओट्यावर मागच्या गल्लीतली सुमनकाकी बसली होती. तिची मुलगी कॉलेजला जाते, जायची. काकी आजूबाजूला बघून हळू आवाजात मला म्हणाली, "परेश, आमच्या पोरीला पन तशीच वाटते. तुला झालेली ना, कावील. जेवत नाय, खोलीतून येत नाय. कोनाला बोलू नको. लोकांना दाखवायला ती डबी कंची ठेवलेली, तेवडी सांग."

मी तोंड उघडलं. काय बोलायचं ते मला पाठ होतं. पण हितेश तेव्हाच बाइकवरून उतरत होता.

"काकी," तो म्हणाला, "कावील नाय ती. डबी नको इचारू. पोरीला इकडं बोलाव, मी नेतो डॉक्टरकडं. आनी तिला मासे खायला दे. मी लय दिवस उपाशी ऱ्हायलोय."

काकी उठली आणि मुलीला आणायला गेली.

हितेशने माझ्यापुढे हात केला. मला वाटलं, हातात हात देतोय. मी हात पुढे केला.

"चावी," तो म्हणाला. "तू इथंच थांब."

मी चावी दिली.